ताईची पट्टी

हॉस्पिटलात तिला सगळे आकडेवाली म्हणायचे. सिस्टर लोक कौतुकानं, डॉक्टर जरा हसून आणि व्यवस्थापक अगदी गंभीर चेहऱ्यानं, जणू पदाचं नावच ते. तिची खोली तळघरात होती. एका भिंतीला जुन्या केसपेपरांची कपाटं, दुसऱ्या भिंतीला तिचं टेबल, आणि वर छताला लागून एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. ही नोकरी तिला नणंदेच्या शब्दावर लागली होती. नणंद, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, त्याच हॉस्पिटलात लेबर रूमची मुख्य सिस्टर होती. घरात तिला ताई म्हणत, आणि लग्न होऊन आल्यावर आकडेवालीनंही तेच उचललं.

ताईशी जमवून घेणं सोपं नव्हतं. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "आधी त्याचं मार्गी लागू दे" म्हणायची, आणि त्याचं मार्गी लागेपर्यंत तिला विचारणारं कुणी उरलं नाही. त्यामुळे भावाचं घर हेच तिचं घर. टॉवेलची घडी तिरकी पडली, दुधाचं पातेलं नीट विसळलं नाही, मुलीला पायमोजे घातले नाहीत, काहीही ताईच्या नजरेतून सुटायचं नाही. पण त्याच मुलीच्या जन्माच्या वेळी, नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याभोवती बसला होता तेव्हा, "माझ्याकडे बघ, इकडंतिकडं नको," म्हणणारा आवाज ताईचाच होता. आकडेवाली ते विसरली नव्हती. विसरणं शक्यही नव्हतं, कारण ताई अधूनमधून आठवण करून द्यायची.

व्यवस्थापकांना त्यांच्या पाठीमागे सगळे एकपानी म्हणत. केवढंही प्रकरण असो, त्यांना ते एका पानावर मावलेलं हवं असायचं. दुसरं पान उलटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. माणूस दुष्ट नव्हता. वाढदिवसाला सगळ्यांना स्वतः येऊन हात मिळवायचा. पण पानाबाहेर जग असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं.

त्यांनी तिला काम दिलं ते चांगलंच होतं. जन्मल्याबरोबर कोणत्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, हे आधी कळलं तर पेटी, डॉक्टर, माणसं सगळं तयार ठेवता येईल. तिनं मागच्या काही वर्षांच्या नोंदी जमवल्या, साफ केल्या, आणि त्यांवरून अंदाज करायला शिकणारं कॉम्प्युटरचं मॉडेल बसवलं, झाडांचं. झाड म्हणजे प्रश्नांची उतरंड. आईचा रक्तदाब अमक्याच्या वर आहे का? असेल तर या फांदीनं खाली या, नसेल तर त्या. मग पुढचा प्रश्न, मग त्याच्या पुढचा, आणि तळाशी उत्तर: पेटी लागेल किंवा नाही. अशी शेकडो झाडं, प्रत्येकाला थोडी वेगळी माहिती दिलेली, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक मत. काही जुन्या नोंदी मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या, त्यांवर तिनं ते तपासलं तर अंदाज चांगले येत होते. बऱ्याच दिवसांनी तिला स्वतःचं काम आवडलं.

"अंदाज बरोबर येतो, उत्तम," एकपानी म्हणाले. "पण सगळ्यात महत्त्वाचं काय? कशाचा किती वाटा? ते असतं ना तुमच्याकडे?"

असतं. त्याला फीचर इम्पॉर्टन्स म्हणतात. माहितीचा प्रत्येक रकाना झाडांमध्ये कुठंकुठं वापरला गेला, आणि तिथं त्यानं पेटी लागलेल्या आणि न लागलेल्या बाळांची सरमिसळ किती निस्तरली, ह्याची बेरीज करायची. ज्या रकान्यानं जास्त निस्तरली त्याची पट्टी लांब. सगळ्या पट्ट्या मिळून शंभर.

तिनं पट्ट्या काढल्या. रक्तदाब वर असेल, बाळाचं वजन असेल, दिवस पूर्ण भरले की नाही ते असेल, असं तिला वाटत होतं. ते सगळं होतंच, पण दुसऱ्या नंबरपासून खाली. सगळ्यात वरची, सगळ्यात लांब पट्टी होती 'सिस्टर क्रमांक सात'ची. प्रत्येक सिस्टरचा एक रकाना होता, आणि नावांऐवजी क्रमांक तिनंच घातले होते. सात म्हणजे ताई.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला जरासं बरं वाटलं. तिरक्या घडीचं, पातेल्याचं, पायमोज्यांचं सगळं साचलेलं कुठंतरी एकदम सुखावलं. पण ते क्षणभरच. मग तिनं सातच्या नोंदी उघडल्या.

कारण शोधायला तिला फार वेळ लागला नाही. रोज डोळ्यांदेखत घडायचं ते. ताई दुपारी जेवायला बसायची, दोन घास खायची आणि फोन वाजायचा. "आले," एवढंच म्हणून ती हात धुवायची. प्रसूती अडली, बाळाचे ठोके मंदावले, की लेबर रूममधून ताईला बोलावणं यायचं, मग ड्यूटी कुणाचीही असो. आणि नोंद व्हायची ती सुरुवातीपासून तिथं असणाऱ्या सिस्टरची नव्हे, शेवटी हजर असणाऱ्या सिस्टरची. म्हणजे ज्या बाळाचं काही खरं नव्हतं, त्याच्यापुढं ताईचा क्रमांक लागायचा. मॉडेलला एवढंच दिसत होतं की सात नंबर आला की पेटी लागते. आग लागते तिथं बंब दिसतो, म्हणून बंबावर खापर फोडावं, तसं.

वर तिचीही एक चूक होती. केसपेपरवर दाखल करतानाच 'जोखीम' म्हणून एक चौकट असते. डॉक्टरांनी ती भरायची. बहुतेकांनी भरलेली नव्हती, म्हणून साफसफाई करताना तिनं तो अख्खा रकानाच काढून टाकला होता. जोखीम सांगणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मॉडेलनं ताईला धरलं.

हे आधी निस्तरायचं आणि मगच कागद वर पाठवायचा, असं तिनं ठरवलं. ठरवून मान वर केली तर दारात एकपानी उभे. तळघरात ते कधी उतरत नसत.

"आल्या वाटतं पट्ट्या," म्हणत ते स्क्रीनपाशी वाकले. "हे सात कोण?"

"साहेब, हे अजून कच्चं आहे. लांब पट्टी म्हणजे कारण नव्हे. मॉडेल कशाच्या आधारानं अंदाज करतंय, एवढंच त्यातून कळतं."

"ते समजतं मला. सात कोण?"

तिनं सांगितलं. न सांगून काही बिघडलं नसतं आणि सुधारलंही नसतं, ड्यूटीचा तक्ता त्यांच्याच ऑफिसात होता. पुढं हे तिनं स्वतःला कितीदा तरी समजावलं, पण त्यानं भार काही उतरला नाही. एकपानींनी फोन काढला, स्क्रीनचा फोटो घेतला आणि "छान काम" म्हणून निघून गेले. खिडकीतून त्यांचे बूट जाताना दिसले.

घरी तिनं काही सांगितलं नाही. आज बोलू, उद्या बोलू करत आठवडा गेला, आणि ताईला कॅन्टीनमध्ये कळलं.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात आली, नळ सोडला, आणि कोपरापर्यंत हात धुत पाठमोरीच म्हणाली, "मी म्हणे पहिली आले."

"ताई..."

"शाळेत कधी आले नव्हते. तूच केलंस ना ते?"

"मीच केलं. पण त्याचा अर्थ तसा नाही होत."

"कसा होतो मग?"

आकडेवालीनं सगळं सांगितलं. शेवटी हजर असणाऱ्याची नोंद, रिकामी चौकट, सगळं. ताईनं नळ बंद केला. "हे मला कशाला सांगतेस? मी कुठं असते आणि कशाला असते ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

ती दुसऱ्याच दिवशी वर गेली. एकपानींना म्हणाली की झाडांच्या आतून काढलेलं हे मोजमाप फसवं असू शकतं, त्याहून चांगली एक पद्धत आहे. एखादा रकाना उचलायचा, त्यातल्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसायच्या, म्हणजे कुणाचीही नोंद कुणाच्याही पुढं जाईल, आणि मग मॉडेलचे अंदाज किती बिघडतात ते बघायचं. बिघडले तर रकाना महत्त्वाचा, नाहीतर नाही.

"करा," ते म्हणाले.

तिनं ताईचा रकाना पिसला. अंदाज धाडकन कोसळले. तिला आपल्याच अकलेची कीव आली. मॉडेल ताईच्या रकान्यावर सगळा भार टाकून उभं होतं, तो रकाना हलवला की ते पडणारच. पद्धत चांगली होती, पण ती भार कुठं आहे ते सांगत होती. तो तिथं का आला, ते तिलाही सांगता येत नव्हतं. आणि आता शब्द देऊन बसली होती, म्हणून आकडा दाखवावा लागला.

"म्हणजे दोन्ही मोजमापं एकच सांगतायत," एकपानी म्हणाले. दुःखानंच म्हणाले. ताईबद्दल त्यांना आदर होता.

मग तिनं कपाटं उघडली. जोखमीची चौकट रिकामी असली तरी दाखल करतानाची टिपणं केसपेपरवर होती: सूज, आधीची प्रसूती कशी झाली, बाळ आडवं की पायाळू. अक्षर लागता लागत नव्हतं. ती ते वाचत गेली आणि एकेक चौकट भरत गेली. मदत मागायला प्रसूती विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, तर त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "अगं, आम्ही बाळं काढायची की चौकटी भरायच्या?" त्यांचंही खोटं नव्हतं. धुळीनं आकडेवालीचा घसा बसला, डोळे लाल झाले, नवरा म्हणाला की जरा विश्रांती घे. ताईनं घडीबद्दल, पातेल्याबद्दलही बोलणं सोडलं होतं. "तुला योग्य वाटेल तसं कर," एवढंच म्हणायची, आणि ते जास्त लागायचं.

जोखमीचा रकाना घालून मॉडेल पुन्हा बसवलं, तेव्हा ताईची पट्टी निम्म्यावर आली. पूर्ण गेली नाही, कारण दोन रकाने एकच गोष्ट सांगत असले की झाडं कधी याला विचारतात, कधी त्याला, आणि वजन दोघांत वाटलं जातं. म्हणून तिनं शेवटची परीक्षा केली. ताईचा रकाना मुळातूनच काढून टाकला, मॉडेल नव्यानं बसवलं आणि अंदाज तपासले. तसूभरही फरक नाही. बाळाला धोका आहे हे जोखमीच्या चौकटीवरून आधीच कळत होतं, ताई यायच्याही आधी. म्हणजे ताईमुळे काही होत नव्हतं, हे उघड झालं. ती टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ तशीच बसली. तिला हलकं वाटत होतं.

बैठकीला तिघंच होते: एकपानी, डॉक्टरीणबाई आणि ती. तिनं सगळं एका पानावर आणलं होतं, कसरत करून. शेवटची ओळ तिनं मोठ्यानं वाचली: "सिस्टर क्रमांक सातचा रकाना काढून टाकला, तरी अंदाजात काहीही फरक पडत नाही."

एकपानींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे त्या असल्या काय आणि नसल्या काय, सारखंच."

तिला क्षणभर कळेनाच ते काय बोलले. "नाही साहेब. मॉडेलला सारखंच. बाळांना नाही."

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता, काढल्या तरी फरक पडत नाही म्हणून?"

"रकाना काढला तर. माणूस नव्हे. रकाना नसला तर अंदाज करायला काही अडत नाही, त्या नसल्या तर काय होईल ते ह्यात कुठंच मोजलेलं नाही. कुठल्याच मोजमापात नाही."

"हे बघा, आधी त्यांची पट्टी सगळ्यात लांब म्हणून प्रश्न होता. तुम्ही मेहनत घेऊन दाखवलंत की तसं काही नाही. मान्य. मलाही आनंद आहे, ठपका गेला. पण मग एकाच माणसाला सगळीकडे नाचवायचं कशाला? वयही झालंय त्यांचं."

तिनं डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "अवघड केसला ताईंना कोण बोलावतं आणि का, ते मॅडम सांगतील."

डॉक्टरीणबाई पेनाचं टोपण काढत होत्या आणि घालत होत्या. त्यांची चौकट रिकामी का राहिली, हा प्रश्न पुढच्याच वाक्याला येणार हे त्यांनाही दिसत असावं. "ज्याची ड्यूटी असते त्याला बोलावतो," त्या म्हणाल्या. "कुणा एकावाचून काही अडत नाही."

चार दिवसांनी ताईची बदली झाली. हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन, हिरवे कपडे जिथं धुवायला येतात आणि धुऊन घड्या घालून ठेवतात, त्या कपड्यांच्या स्टोअरची प्रमुख म्हणून. आदेशात दीर्घ सेवेबद्दल आभार होते आणि कामाचा ताण हलका करण्याबद्दल एक ओळ होती.

घरी नवऱ्यानं विचारलं, "तू तिचा रकाना काढलास?"

"तिच्यावर बालंट नको म्हणून काढला. त्यावरून सिद्ध होत होतं की..."

"पण काढलास ना?"

याचं उत्तर एका पानाचं होतं आणि त्यालाही ते ऐकायचं नव्हतं.

लेबर रूममध्ये नवीनच रीत सुरू झाली. एका सिस्टरनं जिन्यात तिला गाठून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण आता अवघड केस आली की सगळ्यांना एकदम दुसरं काम सुचतं. कुणी औषधं आणायला जातं, कुणी फोनवर. शेवटी जिची सही, तिची पट्टी. कोण गळ्यात घेणार?" बोलताना ती आकडेवालीच्या डोळ्यांकडे बघत नव्हती.

मग एका दुपारी एका बाळाचे ठोके मंदावले आणि कुणी पुढं व्हायचं यात वेळ गेला. फार नाही, पण जायला नको होता तेवढा. बाळ पेटीत गेलं. जगलं. पण पुढं डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आईला जे सांगितलं ते ऐकून ती बाई भिंतीला टेकत टेकत खाली बसली. ताई त्या वेळी एक मजला खाली चादरींच्या घड्या घालत होती.

पुढच्या तिमाहीच्या पट्ट्या एकपानींना फार आवडल्या. सिस्टरांपैकी कुणाचीच पट्टी उठून दिसत नव्हती. "बघा," ते म्हणाले, "कसं सगळं सारखं झालं."

"साहेब, पेट्या पूर्वीपेक्षा जास्त भरतायत."

ते पान उलटसुलट करून बघू लागले. "ते यात कुठं आहे?"

"यात ते येतच नाही. पट्ट्यांची बेरीज नेहमी शंभरच असते. दहा बाळं पेटीत गेली तरी शंभर, पन्नास गेली तरी शंभर. कुणाचा वाटा किती, एवढंच ह्यात दिसतं. एकूण बरं चाललंय की वाईट, ते दिसत नाही."

"मग त्याचं वेगळं पान करा."

तिनं केलं, पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं. उत्तर आलं की हा विषय पुढच्या वर्षाच्या आढाव्यात घेऊ, आणि तोपर्यंत तिनं असंच मॉडेल शस्त्रक्रिया विभागासाठी बसवावं.

डॉक्टरीणबाई एक दिवस स्वतः तळघरात आल्या. खुर्ची ओढून बसल्या, उठल्या, परत बसल्या. "तुमच्या ताईंना जरा विचारशील का? एखादी बाई अडली तर वर येऊन नुसत्या उभ्या राहतील का म्हणून. नोंद नाही करणार आम्ही त्यांची. त्यांना त्रास नको."

आकडेवाली स्टोअरमध्ये गेली. धुतलेल्या कपड्यांची गरम वाफ होती. ताईनं ऐकून घेतलं आणि चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी ती धरून ताणली.

"सही कुणाची असेल?" ताईनं विचारलं.

"दुसऱ्या कुणाची तरी."

"मी नाही येणार," ताई म्हणाली. "वर काय होतं ते मला इथं बसून कळतं. इथं काय धुवायला येतं त्यावरून कळतं. तरी नाही येणार. मी वाईट वागतेय, हेही कळतं. त्याचं माझं मी बघेन." मग चादर आपल्या हातात घेऊन म्हणाली, "तू जा आता. तुझं काम असेल."

महिन्याभरात ताईनं राजीनामा दिला. दूरच्या एका गावात, चार खाटांच्या प्रसूतिगृहात तिला काम मिळालं होतं. निघायच्या दिवशी भावानं तिची बॅग उचलली. मुलगी आत्याच्या कमरेला मिठी मारून सोडेना, तिला दोघांनी मिळून बाजूला केलं. आकडेवाली दारात उभी होती. ताईनं जाताजाता तिच्या खांद्यावर हात ठेवला, अनोळखी पेशंटच्या खांद्यावर ठेवावा तसा, आणि जिना उतरून गेली.

आकडेवालीनं नोकरी सोडली नाही. शस्त्रक्रिया विभागाचं मॉडेल तिनं बसवलं. त्यात कुणाचाही क्रमांक घातला नाही. जोखमीचा रकाना मात्र घातला, स्वतः कपाटातले कागद वाचून. तरी ते पान वर गेलं की तिथल्या माणसांची बोटं पट्ट्यांवरून फिरतात आणि कुणीतरी विचारतंच, हे कोण.

ताई दर रविवारी फोन करते. भाचीशी बोलते, भावाशी बोलते, तिकडं पाऊसपाणी कसं आहे ते सांगते. फोन आकडेवालीनं उचलला तर ताई एवढंच म्हणते, "त्याच्याकडे दे." आणि ती देते.